बाळंतिणीचं ताट : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

परळच्या प्रसूतिगृहांतून बाळंतिणीला घरी सोडण्याच्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारी बहुधा तिची आई असते, नाहीतर सासू. "डॉक्टर, हिला काय खायला घालू म्हणजे दूध चांगलं येईल?" या एका प्रश्नात तीन प्रश्न मिसळलेले आहेत. आईच्या खाण्याने दूध वाढते का, हा पहिला. तिने खाल्लेल्यापैकी काय काय दुधात उतरते, हा दुसरा. तिसरा सहसा कोणी विचारत नाही : दूध तर येतेच आहे, पण ते तिच्या शरीरातल्या कशातून येते आहे आणि त्याची भरपाई कोण करणार? हे तीन प्रश्न वेगळे करता येऊ लागले की या अभ्यासक्षेत्राचे दार उघडते. पोषणशास्त्राचे, परिचर्येचे, आयुर्वेदाचे किंवा समाजशास्त्राचे विद्यार्थी, अंगणवाडी सेविका आणि घरात नुकतेच बाळ आलेली माणसे, अशा सर्वांचे या दारात स्वागत आहे. इथे शिरताना पदवी लागत नाही. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी सारख्याच आदराने बघण्याची तयारी मात्र लागते.

दोन्ही ठिकाणी बघायला मुंबईसारखी जागा नाही. गिरगावातून निघून लालबाग, परळ, दादर करत शीवपर्यंत गेले, तर या विषयाचा बराचसा इतिहास वाटेवरच भेटतो. वाड्या आणि चाळींतली बाळंतिणीची पथ्ये, गिरणीत जाणाऱ्या आयांची हलाखी, हाफकिन संस्थेतले संशोधन, वाडिया आणि केईएम रुग्णालयांतले प्रसूतिकक्ष आणि शीवची दुग्धपेढी, हे सारे एवढ्याशा पट्ट्यात आहे.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू, कारण तिथले ज्ञान सर्वांत जुने आहे. गिरगावच्या घरात सून किंवा लेक सातव्या-आठव्या महिन्यात गेली की सामानाची यादी निघते : डिंक, खारीक, सुके खोबरे, खसखस, मेथ्या, अळीव, सुंठ, ओवा, बाळंतशेपा. बाळंतकाढ्याच्या बाटल्या वेगळ्या. यांतल्या अळिवाच्या लाडवाकडे जरा जवळून बघा. लालसर बारीक दाणे नारळाच्या पाण्यात भिजत घातले की दोनेक तासांत प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक बुळबुळीत कवच धरते आणि वाटीभर अळीव पातेलेभर होतात. मग ओल्या नारळाचा चव आणि चिरलेला गूळ घालून मंद आचेवर ते मिश्रण आटवायचे. गोळा कडेने सुटू लागला की जायफळ किसून घालायचे आणि कोमट असतानाच लाडू वळायचे. या एका लाडवात लोह आहे, स्निग्धांश आहे, झटपट मिळणारी ऊर्जा आहे आणि बाळंतपणानंतरच्या बद्धकोष्ठावर उपयोगी पडणारा तो चिकट तंतूही आहे. हा लाडू कोणी पहिल्यांदा वळला ते कुठे लिहून ठेवलेले नाही. पण नुकतेच रक्त गेलेल्या, थकलेल्या बाईला काय लागते याची तो वळणारीला पक्की जाण होती.

लालबाग-परळला आलेल्या माणसांनी आपापले ताट गावाहून आणले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या घरात उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मुडदुशीचे सौम्य कालवण आणि दूध यावे म्हणून मोरी. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या घरात भाकरी, तूप, लसणाची चटणी, हुलग्याचे माडगे, मेथीचे लाडू. निषेधांची यादी मात्र सगळीकडे बरीचशी सारखी. दही-ताक नको, केळे नको, वाटाणा, कोबी आणि चणाडाळ वातूळ म्हणून नको, पाणीसुद्धा बेताने. यांतले काय राखावे आणि काय सोडावे, हे नीट तपासून सांगणे हे या क्षेत्राचे एक काम आहे. तपासल्याशिवाय सगळे थोर म्हणणे आणि तपासल्याशिवाय सगळे अडाणी म्हणणे, दोन्ही आळसाचेच प्रकार होत.

जुने ग्रंथही असेच नीट उघडून वाचावे लागतात. आज दूध वाढवण्यासाठी म्हणून औषधाच्या प्रत्येक दुकानात शतावरी मिळते आणि ती चरकाच्या काळापासून यासाठीच सांगितली आहे असे सर्रास समजले जाते. चरकसंहितेत दूध उत्पन्न करणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गण आहे. त्यात वाळा, दर्भ, कुश, काश अशा गवतांची मुळे आहेत, साळीचा आणि साठीचा भात आहे, शतावरी नाही. दूध शुद्ध करणाऱ्या द्रव्यांचा गण वेगळा आहे आणि सुंठ त्या दुसऱ्या गणात येते. म्हणजे 'दूध वाढणे' आणि 'दूध सुधारणे' हा भेद त्या ग्रंथकारांच्या मनात स्पष्ट होता. आपणच तो नंतर पुसून टाकला. सुश्रुताने तर क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव ही दूध आटण्याची कारणे म्हणून सांगितली आहेत, ते पुढे पुन्हा उपयोगी पडेल. शतावरीवर आधुनिक पद्धतीचे काही प्रयोग झाले आहेत. ते लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मेथी आणि बडीशेपेची स्थितीही फारशी वेगळी नाही. ही द्रव्ये बेताने खाल्ल्याने सहसा नुकसान नाही, पण त्यांच्या भरवशावर बसून राहणे चूक आहे.

आता परळला येऊ. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. बाळंतपणात स्त्रिया एवढ्या का मरतात याची चौकशी तेव्हा चालू होती. डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या आग्रहावरून विल्स त्या कामात आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांत एक भयंकर पंडुरोग दिसत होता. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने अवाजवी मोठ्या. विल्स यांनी जंतूंचा संशय तपासला, तो टिकला नाही. मग त्या या बायका काय खातात याकडे वळल्या. बाल्फर आणि तळपदे यांनीही याच सुमारास गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीवर लेखन केले. विल्स यांनी उंदरांना आणि पुढे माकडांना या बायकांच्या जेवणासारखे जेवण देऊन तसाच पंडुरोग निर्माण केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा करून दाखवला. तो अर्क म्हणजे मार्माइट, विलायतेत पावाला लावून खायची स्वस्त काळी चटणी. १९३१ साली त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. यीस्टमधले ते अनाम द्रव्य बरीच वर्षे 'विल्स घटक' म्हणून ओळखले जाई. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले गेले आणि त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळाले. आज देशातल्या प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत जे फोलिक अ‍ॅसिड असते, त्याचा माग असा परळच्या गिरणीकामगार बायकांच्या ताटापर्यंत जातो. ही गोष्ट प्रत्येक मुंबईकर विद्यार्थ्याला शाळेतच कळायला हवी असे मला फार वाटते.

विल्स यांचे काम गरोदरपणाचे होते. पण फोलेटची, म्हणजे याच द्रव्याची, पुढची कहाणी थेट आपल्या विषयात येते. ज्या आईच्या शरीरात फोलेट फारच कमी आहे तिच्याही दुधात ते जवळजवळ नेहमीइतके असते. तिला फोलिक अ‍ॅसिड सुरू केले की ते आधी दुधात जाते. तिच्या स्वतःच्या रक्ताचा नंबर नंतर लागतो. बाळ टवटवीत आणि आई पांढरीफटक, हे दृश्य प्रसूतिगृहात काम केलेल्या कोणालाही नवे नाही.

त्या काळच्या गिरणगावात हे दृश्य घरोघर होते. मुंबईच्या कापडगिरण्यांत तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत. बाळंत होऊन थोड्याच दिवसांत बाई कामावर हजर होई आणि मागे राहिलेले बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. दुधाचा प्रश्न खाण्याचा जेवढा तेवढाच वेळेचा आणि रजेचा असतो, हे इथे उघड दिसते. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून सरकारनेही त्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. पुढच्या वर्षी, १९२९ साली, मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा झाला. देशातला हा असा पहिला कायदा. १९६१ साली केंद्राचा कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. नोकरीवर परतल्यानंतर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा त्याला पाजण्यासाठी सुट्टीची तरतूदही कायद्यात आहे. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत धुणीभांडी करणाऱ्या बायकांपर्यंत मात्र यातले काहीच पोचत नाही.

आता दुधाकडेच बघू. पिकलेल्या, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांनंतरच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, ७ ग्रॅम दुधसाखर, साडेतीन ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश आणि जेमतेम १ ग्रॅम प्रथिन. दिवसाला ७५० मिलिलिटरच्या आसपास दूध जाते असे धरले तर सुमारे ५०० कॅलरी त्यातून बाहेर पडतात. शिवाय दूध तयार करायलाही ऊर्जा खर्च होते. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत आईने रोज ६०० कॅलरी आणि सुमारे १७ ग्रॅम प्रथिने जास्त घ्यावीत असे सांगितले आहे. रोजच्या भाषेत सांगायचे तर एक पोटभर जेवण जादा. "दोन जिवांचं खा" हे बाळंतपणाआधी ऐकवले जाते, पण गरोदरपणापेक्षा पाजण्याच्या काळात जास्त लागते, ही गोष्ट अजून पुष्कळ घरांत पोचलेली नाही.

आईचे जेवण अपुरे असले तर काय होते? सगळ्या घटकांचे उत्तर एक नाही, आणि इथेच हा विषय खऱ्या अर्थाने रंगू लागतो. काही द्रव्यांच्या बाबतीत आईचे शरीर वाण्याच्या दुकानातल्या वहीवर चालते. ताटात नसेल तर उधारीवर उचलायचे, पण बाळाचे माप कमी करायचे नाही. कॅल्शियम हाडांतून येते. पाजण्याच्या काळात मणक्याच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरते आणि दूध तोडल्यावर सहसा भरून निघते. फोलेटचे वर सांगितलेच. लोह आणि जस्त यांचे दुधातले प्रमाणही आईच्या जेवणाने फारसे हलत नाही. म्हणजे अळिवाच्या लाडवातले लोह बाळाच्या दुधात जात नाही, आईच्या रक्तात जाते. म्हणून अळीव खाऊ नये असे कोणी समजू नये. तो लाडू जिच्यासाठी वळला तिच्याच कामी येतो, हे त्याचे मोल आहे.

दुसऱ्या बाजूला थायमिन, रायबोफ्लेविन, बी-६, बी-१२, अ आणि ड जीवनसत्त्वे, आयोडिन, सेलेनियम. यांची आईला कमतरता असली की दुधातही ती उतरते आणि तिथून बाळात. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञ लिंडसे अ‍ॅलन यांनी ही दोन गटांची मांडणी प्रचारात आणली. नव्या अभ्यासकाने ती पाठ करावी, कारण घरगुती सल्ल्यापासून सरकारी योजनेपर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्यावर घासून पाहता येते.

आपल्या देशात या प्रश्नाचा पाया डॉ. सी. गोपालन आणि डॉ. भवानी बेळवाडी यांनी १९५०-६० च्या दशकांत घातला. गरीब भारतीय आयांचे दूध त्यांनी मोजले आणि तपासले. तुटपुंज्या जेवणावरही प्रथिनाचे प्रमाण टिकून होते. स्निग्धांश आणि अ जीवनसत्त्व मात्र कमी भरत होते. आईचे जेवण सुधारले तर दूध वाढते का, यावर पुढे बराच वाद झाला. गँबियात अँड्र्यू प्रेंटिस आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास पाजणाऱ्या आयांना रोज भरपूर जादा खाणे दिले. दुधाचे प्रमाण वाढले नाही. मग तो खर्च वाया गेला का? असा निष्कर्ष काढणारे लोक होते. मला तो निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. आईला घातलेल्या जेवणाचे मोजमाप फक्त बाळाच्या दुधात करायचे, ही पट्टीच चुकीची आहे. तिची हाडे, तिचे रक्त, तिची उठण्या-बसण्याची ताकद यांना स्वतःची किंमत आहे, आणि हा आग्रह या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने सोबत ठेवावा.

बी-१२ ची गोष्ट उलट दिशेची आहे आणि तिच्यावर जरा थांबायला हवे. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी 'लॅन्सेट'मध्ये काही तान्ह्या मुलांचे वर्णन केले. अंगावर पिणारी, वरून गुबगुबीत दिसणारी मुले. पण हसणे थांबलेले, मान धरायची ती सोडलेली, रक्त कमी, बोटांच्या पेरांवर काळपट झाक, काहींचे हातपाय कापणारे. आयांचे जेवण जवळजवळ संपूर्ण शाकाहारी होते आणि त्यांच्या दुधात बी-१२ अगदी कमी होते. मुलांना बी-१२ मिळाले आणि ती सुधारू लागली. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते; दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येते. गिरगावातल्या खाऊनपिऊन सुखी शाकाहारी घरात वाटीभर दही आणि दोन वेळचे दूध असते, तरी कमतरता आढळते. जिथे चहापुरतेच दूध आणले जाते तिथे काय होत असेल ते सांगायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे केलेल्या कामातून ही कमतरता आपल्या गरोदर बायकांत किती सर्वदूर आहे ते पुढे आले. आणि सरकारी गोळीत लोह आहे, फोलिक अ‍ॅसिड आहे, बी-१२ नाही. दूध ज्याची काळजी स्वतः घेते ते आपण गोळीत देतो आणि जे आईने खाल्ल्याशिवाय दुधात येतच नाही ते देत नाही. फोलिक अ‍ॅसिड आईसाठी हवेच. पण ही उणीव मोठी आहे. बाळंतिणीला दही-ताक बंद करणारे पथ्यही याच कारणासाठी पुन्हा तपासायला हवे; शाकाहारी घरात ते पथ्य तिचा बी-१२ चा एक हुकमी मार्ग बंद करते.

थायमिनबद्दल थोडक्यात. पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळावर राहणाऱ्या आयांची तान्ही बाळे बेरीबेरीने दगावतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समध्ये दिसले आणि तांदळाच्या कोंड्याच्या अर्काने ती वाचली. कोकणातला उकडा तांदूळ तुसासकट उकडला जातो, तेव्हा कोंड्यातले थायमिन दाण्यात मुरते आणि पुढे सडतानाही बरेचसे राहते. पेजेचे पाणी टाकून न देण्याची सवय त्यात भर घालते. लालबागला आल्यावर रेशनचा पांढरा तांदूळ खाऊ लागलेल्या घरांनी काय गमावले, हा एक चांगला प्रबंधाचा विषय आहे.

स्निग्धांशाचे एकूण प्रमाण रोजच्या ताटाने फार बदलत नाही, त्याची जात मात्र बदलते आणि तीही पटकन. आईने खोबरेल असलेले जेवण घेतले की त्यातले लॉरिक आम्ल काही तासांतच दुधात वाढलेले दिसते. मासे खाणाऱ्या आयांच्या दुधात मेंदूच्या आणि डोळ्यांच्या वाढीला लागणारे डीएचए जास्त असते. बांगडा, तारली, मांदेली यांसारखे लहान आणि तेलकट मासे त्यासाठी उत्तम. मोरीबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. मोरी हा शार्कच. मोठे मासे खाणारा हा मासा शरीरात पारा साठवतो. कधीतरी खाल्ल्याने काही होत नाही. रोज मोरीच हवी हा हट्ट सोडून बांगड्याकडे वळणे केव्हाही चांगले.

चवसुद्धा दुधातून जाते. ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ साली पाजणाऱ्या आयांना लसणाच्या गोळ्या दिल्या. दुधाला वास आला आणि बाळे स्तनाला जास्त वेळ चिकटून राहिली. साताऱ्याकडच्या लसणाच्या चटणीची बाजू घ्यायला एवढे पुरे आहे. वाटाणा-कोबीचे मात्र वेगळे. वात होतो तो आईच्या आतड्यात तंतू आंबल्याने. तो वायू दुधात शिरत नाही. गाईच्या दुधातले प्रथिन सूक्ष्म प्रमाणात उतरते आणि थोड्या बाळांना त्याचा त्रास होतो, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने ते काही आठवडे थांबवून बघावे. पण प्रत्येक रडण्याला आईच्या ताटातली एकेक वाटी काढून घेणे हा तिच्यावर जुलूम आहे. काढायचीच असेल तर मशेरी काढावी. निकोटिन आईच्या रक्तापेक्षा दुधात जास्त साठते, आणि दात घासण्याच्या नावाखाली ती लावणाऱ्या बायकांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

दूध किती येते हे मुख्यतः किती वेळा आणि किती नीट पाजले जाते यावर ठरते. बाळ ओढते, स्तन रिकामा होतो, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि पुढचे दूध तयार होते. ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो, आणि वेदना, भीती, अपमान यांनी तो अडतो; सुश्रुताने सांगितलेले शोक आणि क्रोध इथे भेटतात. घटाघटा पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. तहान मारल्याने बाईला त्रास मात्र होतो, म्हणून पाणी मोजून देण्याचे पथ्य बिनदिक्कत सोडावे. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक काढून टाकणे आणि बाळाला मध-गुळाचे पाणी चाटवणे हेही सोडावे. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आळा घालणारा कायदा १९९२ साली झाला आणि २००३ साली कडक झाला, तरी "तुझं दूध पातळ आहे" हे एक वाक्य अजूनही कित्येक बाळांना बाटलीकडे नेते.

दूध पातळ आहे का, हे ठरवायचे तरी कसे? एकाच वेळच्या पाजण्यात सुरुवातीचे दूध पाणीदार आणि शेवटचे दाट असते. सकाळ-संध्याकाळ फरक, दोन स्तनांत फरक. कसेही काढलेल्या चार थेंबांवरून आईच्या आहाराबद्दल बोलता येत नाही. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत दूध भरून ती यंत्रात वेगाने फिरवतात. मलई एका टोकाला जमते आणि तिची लांबी मोजून स्निग्धांशाचा अंदाज घेतात. एवढे साधे साधन आहे, पण नमुना पाजण्यापूर्वीचा की नंतरचा हे नोंदवले नसेल तर सगळी मेहनत फुकट. नव्या अभ्यासकांनी पहिले काही महिने फक्त नमुना घेण्याची शिस्त शिकावी, असे माझे मत आहे.

ही शिस्त बघायची तर शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातली दुग्धपेढी बघावी. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. आशियातली ही पहिली. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, कावीळ आणि उपदंशाची तपासणी होते. काढलेले दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटे तापवतात, लगेच थंड करतात, जंतू वाढतात का ते पाहतात आणि उणे २० अंशांवर साठवतात. मग ते नवजात कक्षातल्या किलो-दीड किलोच्या बाळांना नळीने थेंबाथेंबाने जाते. देणाऱ्या पुष्कळ आया धारावी आणि आसपासच्या वस्त्यांतल्या असतात. ज्यांच्या स्वतःच्या ताटात जेमतेम असते, त्यांच्या दुधावर परक्यांची बाळे तगतात. आई चांगली खात नाही म्हणून तिचे दूध निकृष्ट, या समजाला याहून ठोस उत्तर माझ्या माहितीत नाही.

प्रश्न पुष्कळ शिल्लक आहेत. निरोगी आईच्या दुधात बी-१२ किंवा अ जीवनसत्त्व किती असावे, याची भक्कम प्रमाणे जगात नव्हती. ती ठरवण्यासाठी लिंडसे अ‍ॅलन यांच्या पुढाकाराने बांगलादेश, ब्राझील, डेन्मार्क आणि गँबिया या चार देशांतल्या आयांचा मोठा अभ्यास हाती घेतला गेला. भारत त्यात नाही. गिरगावची शाकाहारी बाळंतीण, लालबागची मासे खाणारी, परळच्या टॉवरात कामाला जाणारी आणि पहिले बाळंतपण माहेरी गावाला करून तीन महिन्यांनी मुंबईला परतणारी, या चौघींच्या दुधाची एकमेकींशी तुलना करायची तर पहिली पायरी म्हणजे त्या खरोखर काय खातात ते लिहून घेणे. सांगितलेले आणि खाल्लेले यांत अंतर असते. लाडवाचा डबा तिच्या नावाने भरतो आणि घरातली सगळी माणसे येता-जाता त्यातून उचलतात. म्हणून डबा किती दिवसांत रिकामा झाला हे विचारण्याबरोबर तिच्या वाट्याला त्यातले किती लाडू आले, हेही वहीत वेगळ्या रकान्यात लिहावे.